देहूतून सायकल काढा आणि नदीच्या उलट्या दिशेने निघा : कारखान्यांच्या पट्ट्यातून मावळच्या जंगलात नेणारे रस्ते

देहू म्हटलं की डोळ्यांसमोर येतात तुकोबाराय, गाथा मंदिर आणि पालखी. पण मोबाईलवर नकाशा उघडून देहू थोडं लांबून बघितलं की दुसरंच चित्र दिसतं. पूर्वेला तळवडे आणि चिखली, उत्तरेला चाकणची एमआयडीसी, पश्चिमेला तळेगाव, दक्षिणेला देहूरोडचा लष्करी भाग आणि जुना मुंबई-पुणे हायवे. चारही बाजूंनी कंपन्या, कंटेनर आणि शिफ्टच्या बसेस.

अशा ठिकाणाहून सायकल घेऊन जंगलात जाता येतं असं कुणी सांगितलं तर आधी हसूच येईल. पण जाता येतं, आणि वाट चुकायचीही भीती नाही. कारण वाट दाखवायला इंद्रायणी आहे.

ही नदी उगम पावते लोणावळ्याजवळच्या कुरवंडे परिसरात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. तिथून ती पूर्वेकडे वाहत कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. देहू हे तिच्या वाटेवरचं साधारण मधलं ठिकाण. त्यामुळे देहूतून निघणाऱ्या सायकलस्वारापुढे दोन पर्याय असतात : प्रवाहाच्या दिशेने शहराकडे जायचं, नाहीतर प्रवाहाच्या उलट डोंगराकडे. एकाच नदीची दोन रूपं बघायची असतील तर दोन्हीकडे जायला हवं.

नदीकाठचा रस्ता सायकलला एवढा का मानवतो?

डोंगराकडे जायचं म्हटलं की लोकांना वाटतं आता दम लागणार. पण इथे गंमत आहे. पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ५६० मीटर आणि लोणावळ्याची साधारण ६२० मीटर. दोन्हींमधलं अंतर रेल्वेने ६४ किलोमीटर. म्हणजे सरासरी काढली तर एका किलोमीटरला चढ जेमतेम एक मीटर!

अवघड चढ आहे तो कोकणाच्या बाजूला, म्हणजे खोपोलीकडून वर येताना. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरणारी जमीन मात्र संथ आहे आणि इंद्रायणीने त्यातच आपलं खोरं रुंद केलं आहे. मधे कामशेतची खिंड, काही ठिकाणचे छोटे चढ-उतार सोडले तर साध्या सायकलवरही हा रस्ता जमतो.

जगभरात नदीकाठचे सायकलमार्ग लोकप्रिय आहेत ते याच कारणामुळे. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा ३०० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग दरवर्षी घरातली लहान मुलं आणि आजी-आजोबाही पार करतात. नदी कधी एकदम चढत नाही, त्यामुळे तिच्या शेजारचा रस्ताही चढत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्यात ७०० ते ७५० मिलिमीटर. सह्याद्री ढग अडवतो आणि पूर्वेकडे जाताजाता पाऊस झपाट्याने कमी होतो. हा फरक फक्त ६० किलोमीटरच्या आत घडतो. म्हणून देहूजवळ बाभूळ, बोर आणि गवताळ टेकड्या दिसतात, वडगाव-कामशेतला भातखाचरं सुरू होतात आणि पुढे जांभूळ, हिरडा, आंब्याची दाट झाडी लागते. गाडीतून जाताना हा बदल लक्षातही येत नाही. सायकलवर तासाला १५ किलोमीटरच्या वेगाने जाताना मात्र तो दर थोड्या वेळाने जाणवतो, आधी हवेत आणि मग डोळ्यांना.

आधी हे समजून घ्या : कोणता रस्ता टाळायचा?

देहूतल्या सायकलस्वाराची खरी परीक्षा जंगलात नसते, ती पहिल्या १५ किलोमीटरमध्ये असते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला परवानगीच नाही, त्यामुळे तो विषय संपला. दुसरा रस्ता तळेगाव-चाकण. नकाशावर हा सोयीचा दिसतो, पण चाकणच्या कारखान्यांचा माल याच रस्त्याने जातो. रस्ता त्या मानाने अरुंद आणि कंटेनर मात्र अखंड. सकाळी ८ नंतर इथे सायकल चालवणं म्हणजे विनाकारण जोखीम.

त्यापेक्षा देहूहून देहूरोडला येऊन जुना मुंबई-पुणे हायवे धरलेला बरा. हा रुंद आहे, कडेला जागा मिळते आणि रविवारी पहाटे वर्दळ कमी असते. घोरावडेश्वराच्या डोंगराच्या पायथ्यावरून सोमाटणे, तळेगाव, वडगाव असं सरळ जाता येतं. शिवाय हायवेला जवळपास समांतर लोणावळा लोकलची लाईन आहे. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं एकामागून एक येतात. पाणी, चहा आणि बसायला सावली यांची काळजी राहत नाही.

मोठ्या गाड्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येक सायकलस्वाराने लक्षात ठेवावी. कंटेनरचा ड्रायव्हर उंचावर आणि उजव्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या केबिनच्या डाव्या बाजूला, अगदी खाली असलेली सायकल त्याला दिसत नाही. त्यातच लांब ट्रेलर डावीकडे कंपनीच्या गेटमध्ये वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून थांबलेल्या किंवा हळू झालेल्या कंटेनरच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही. मागेच थांबायचं. दोन मिनिटं जातात, जीव राहतो.

मार्ग १ : देहू ते भंडारा डोंगर

नव्याने सायकल घेतलेल्यांसाठी हा सगळ्यात चांगला मार्ग. एका बाजूचं अंतर १० किलोमीटरच्या आसपास.

देहूतून पुलावरून इंद्रायणी ओलांडली की हवेली तालुका मागे पडतो आणि येलवाडीपासून खेड तालुका सुरू होतो. शेतं, गोठे आणि मधेमधे एखादं वर्कशॉप बघत भंडारा डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येतं. तुकोबा चिंतनाला जायचे त्या तीन डोंगरांची नावं वारकऱ्यांना पाठ असतात : भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर. आज भामचंद्र चाकणच्या एमआयडीसीला लागून आहे, घोरावडेश्वर हायवेला लागून आणि भंडारा तळेगाव-चाकण रस्त्याला लागून. तिन्ही डोंगर अजून उभे आहेत, त्यांच्याभोवतीचा एकांत तेवढा कमी झाला आहे.

भंडाऱ्यावर जायला रस्ता आहे. चढ छोटा पण खडा आहे, त्यामुळे पायांची ताकद आणि सायकलचे गिअर दोन्ही तपासून होतात. वरून इंद्रायणीचं वळण, देहूचं गाव आणि त्यापलीकडे पसरलेले कारखान्यांचे पत्रे एकाच नजरेत दिसतात. परत येताना ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

जवळच सुदुंबरे आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संत संताजी जगनाडे महाराज यांची समाधी इथे आहे. वेळ असेल तर तेवढा फेरा जरूर घ्यावा.

मार्ग २ : देहू ते नाणे मावळ, म्हणजे जंगलापर्यंत

हा या सगळ्यातला राजा. देहू ते कामशेत साधारण ३० किलोमीटर आणि कामशेत ते जांभवली आणखी १५-१६ किलोमीटर. जाऊन-येऊन ९० किलोमीटर होतात, त्यामुळे सवय नसेल तर गाडीत सायकल टाकून कामशेतपासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

वाटेत वडगाव मावळ लागतं. इथल्या भात संशोधन केंद्राची एक देणगी आज महाराष्ट्रातल्या घराघरांत शिजते. ती म्हणजे इंद्रायणी तांदूळ. आंबेमोहर आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून तयार झालेला हा वाण १९८७ मध्ये शेतकऱ्यांसाठी आला आणि त्याला नाव मिळालं याच नदीचं. ऑक्टोबरच्या अखेरीस इथून सायकलवर गेलात तर कापणीला आलेल्या भाताचा वास किलोमीटरभर सोबत करतो.

कामशेतला हायवे सोडायचा आणि इंद्रायणी ओलांडून नाणे गावाकडे वळायचं. इथून आवाज बदलतो. हॉर्न मागे राहतो आणि सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू यायला लागतो.

मावळ म्हणजे खरंतर एकच खोरं नाही. नदीनुसार त्याचे भाग पडतात : आंद्रा नदीचं आंदर मावळ, नाणे गावाच्या बाजूचं नाणे मावळ आणि पवना नदीचं पवन मावळ. नाणे मावळातून वाहते कुंडलिका, इंद्रायणीला येऊन मिळणारी नदी. तिच्यावर वडिवळेचं धरण आहे. नाणे, करंजगाव अशी गावं मागे टाकत रस्ता आत शिरतो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि झाडी दाट होत जाते. शेवटी जांभवली गाव आणि त्याच्या पुढे जुनं कोंडेश्वर मंदिर. ढाक बहिरीला जाणारे ट्रेकर इथूनच चढायला लागतात. ढाकची ती वाट कड्यातली आणि धोक्याची आहे. सायकलच्या बुटांवर "आलोच आहोत तर जाऊन येऊ" असं म्हणू नये.

ऋतूनुसार हा रस्ता वेगळा दिसतो. पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. सप्टेंबरमध्ये उतारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळालेल्या झाडीत पळस, पांगारा आणि काटेसावर पेटल्यासारखे दिसतात. एप्रिल-मेमध्ये ऊन चटका देतं, पण करवंदं आणि जांभळं त्याच दिवसांत मिळतात.

मार्ग ३ : आंदर मावळ आणि उलटं वाहणारं पाणी

वडगावच्या पुढे कान्हे फाट्यावरून उजवीकडे वळलं की टाकवे बुद्रुक येतं. टाकव्यापर्यंत कंपन्या सोबत करतात, त्यानंतर आंद्रा नदीचं खोरं मोकळं होतं. वडेश्वर, खांडीच्या दिशेने जाणारा हा रस्ता ठोकरवाडी धरणाच्या जलाशयाच्या बाजूने जातो. वस्ती विरळ आहे, त्यामुळे पाणी आणि खाणं टाकव्यातच भरून घ्यावं.

या जलाशयाची कहाणी मोठी मजेशीर आहे. आंद्रा नदीचं पाणी खरंतर पूर्वेकडे, इंद्रायणीतून भीमेकडे जाणारं. पण टाटांनी इथे धरण बांधून ते पाणी पश्चिमेकडे वळवलं आणि घाटाखाली भिवपुरीला सोडून त्यावर वीज तयार केली. ते केंद्र सुरू झालं १९२२ मध्ये. त्याआधी १९१५ मध्ये लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं होतं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या खोऱ्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पलीकडे उतरून मुंबईचे दिवे लावतं आहे.

याच खोऱ्यात मंगरूळजवळ आंद्रा धरण आहे. त्याचं पाणी नदीतून खाली येतं, निघोजेच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. त्यामुळे मावळातल्या एखाद्या ओढ्याशेजारी थांबून चिप्सचं पाकीट फेकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की हे पाणी बहुतेक त्याच्याच घरी येणार आहे.

मार्ग ४ : देहू ते आळंदी, नदीच्या दिशेने

हा मार्ग भाविकांना सगळ्यात ओळखीचा. तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव करत अंतर २० किलोमीटरच्या आत-बाहेर. निसर्ग बघायला म्हणून निघालात तर निराशा होईल, पण नदीचं काय झालं आहे हे समजून घ्यायचं असेल तर यासारखा रस्ता नाही.

देहूपर्यंत येणारी नदी अजून नदीसारखी दिसते. त्यापुढे औद्योगिक वसाहती आणि दाट वस्ती लागते, नाले येऊन मिळतात. आळंदीला पोहोचेपर्यंत पाण्यावर पांढरा फेस तरंगताना अनेकदा दिसतो. आषाढी-कार्तिकीच्या आधी या फेसाचे फोटो दरवर्षी व्हायरल होतात. हा फेस येतो कुठून? प्रक्रिया न केलेलं घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यांत साबणासारखी, डिटर्जंटमधली रसायनं असतात. बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळलं की ते घुसळलं जातं आणि बादलीत साबण ढवळल्यावर होतो तसा फेस तयार होतो.

महाशीर माशाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. देहू-आळंदीच्या डोहांमधले महाशीर भाविक देवाचे मासे म्हणून जपत आले. आता पाणी बिघडलं की मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या येतात. आणि याच खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्यात वळवणला, टाटा पॉवरचं महाशीर संवर्धन केंद्र १९७० च्या दशकापासून या माशाची पिल्लं तयार करतं आहे. एका टोकाला मासा वाढवायचा आणि दुसऱ्या टोकाला तो मरू द्यायचा, हा उलटा हिशोब सायकलवरून एका दिवसात बघता येतो.

चिखलीत नदीकाठ बघताना आणखी एक गोष्ट आठवावी. मे २०२५ मध्ये इथल्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती रेषा. तिच्या आत घर बांधायला परवानगी नसते. राष्ट्रीय हरित लवादाने ते बंगले पाडण्याचा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला.

पावसाळ्यात निघताय? मग कुंडमळा विसरू नका

तळेगावजवळ इंदोरीच्या हद्दीत इंद्रायणी खडकातून वाहते. पाण्याने कोरलेल्या रांजणखळग्यांमुळे कुंडमळा पर्यटकांचं आवडतं ठिकाण झालं. १५ जून २०२५ ला, रविवारी, इथला जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला. चार जणांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले.

सायकलस्वारासाठी यातला धडा सरळ आहे. मावळात गावांना जोडणारे जुने अरुंद पूल आणि साकव बरेच आहेत. शॉर्टकट म्हणून ते मोहात पाडतात. पूल बंद असल्याची पाटी असेल, पाणी पुलाला टेकलं असेल किंवा वर गर्दी असेल तर मागे वळायचं. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नदीचं पाणी अचानक वाढू शकतं, कारण पाऊस तिथे पडतो आणि पूर इथे येतो.

निघण्याआधीची तयारी

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर हिरवाई कमाल असते, पण शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे गाड्यांची रांग लागते. त्या महिन्यांत आठवड्यातला मधला दिवस निवडा.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे डोंगराकडे जाताना तो तोंडावर आणि परतताना पाठीवर. जाताना जास्त दम लागला तर घाबरू नका, येताना तोच वारा ढकलत आणतो. याचा फायदा असा की ताकद संपत आलेली असते तेव्हाच मदत मिळते.

हेल्मेट, मागचा लाल लाईट, पंक्चर किट, एक जादा ट्यूब आणि हवेचा छोटा पंप एवढं सोबत हवंच. कामशेत सोडल्यावर सायकलचं दुकान सापडणं कठीण. रेल्वे फाटक ओलांडताना रुळांना चाक काटकोनात न्या, तिरकं नेलं की चाक खाचेत अडकतं.

आणि पंचांग बघून निघा. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत बीज असते, ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते आणि कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते. या दिवसांत रस्ते वारकऱ्यांचे असतात. सायकल घरी ठेवून पायी जावं.

हे रस्ते किती दिवस राहतील?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. परदेशी सायकलपटूंनी शर्यतीत गाठलेला हा निसर्ग देहूकरांच्या घरापासून एका सकाळच्या अंतरावर आहे.

पण शर्यतीसाठी रस्ते काही तास बंद करता येतात, रोजच्या सायकलसाठी तसं होत नाही. देहूपासून तळेगावपर्यंत सायकलला वेगळी, सुरक्षित पट्टी मिळाली तर पुढचं सगळं नदीने आधीच तयार करून ठेवलेलं आहे : संथ चढ, सावली आणि गावरस्ते. ती पट्टी नसल्यामुळे आज जंगल जवळ असूनही अनेक पालक मुलांना सायकलवर तिकडे पाठवत नाहीत, आणि कंपनीत सायकलने जाणारा कामगार रोज त्याच कंटेनरच्या शेजारून जीव मुठीत धरून जातो. रविवारच्या हौशी सायकलस्वाराला आणि त्या कामगाराला हवा असलेला रस्ता एकच आहे.

तोपर्यंत पहाटे साडेपाचला देहूतून निघायचं, आठच्या आत हायवे सोडायचा आणि नदीला उजव्या-डाव्या हाताला ठेवत वर जात राहायचं. ज्या इंद्रायणीत गाथा तरली असं वारकरी मानतात, ती मुळात कशी दिसत असेल, हे जांभवलीच्या ओढ्याशी पोहोचल्यावर कळतं.